पिवळा रिकामा शंकरपाळा म्हणजे काय? परदेशातल्या रस्त्यावरच्या पाट्या – मदत हवी

घोडबंदरी | १२ ऑगस्ट, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी आणि सौ. लेकीकडे श्टुटगार्टला चाललोय. चार दिवस तिच्याकडे, मग आठ दिवस भाड्याची गाडी घेऊन स्वित्झर्लंड आणि तिथून खाली इटलीत कोमो तळ्यापर्यंत, असा बेत आहे. लेकीला सुट्टी नाही. म्हणजे स्टिअरिंगवर मी आणि शेजारी सौ.

राहायला कासारवडवलीला. सत्तावीस वर्षं घोडबंदर रोडवर गाडी हाकतोय, त्यामुळे भीती अशी कशाची उरलेली नाही. आरटीओतून आयडीपी (परदेशात गाडी चालवायचा परवाना) काढून झालं, हजार रुपये फी, वर्षभर चालतं. लेकीने पाट्यांची एक पीडीएफ पाठवली आणि तिथे घोडं अडलं.

सौ.ने घरातल्या जुन्या लग्नपत्रिका कापून पाठकोऱ्या बाजूवर एकेक पाटी स्केचपेनने काढली आहे. रोज रात्री जेवण झालं की ताटं उचलायच्या आधी परीक्षा. पहिल्या दिवशी चाळीसपैकी सतरा. लर्निंगच्या परीक्षेत पंधरापैकी नऊ आले तर पास करतात, त्या हिशेबानेही मी नापास.

अडलेल्या तीन पाट्या अशा:

१) शंकरपाळ्याच्या आकाराची पिवळी पाटी, पांढरी किनार. आत काहीच नाही. चित्र नाही, आकडा नाही.
२) पांढरा गोल, लाल किनार. आत पुन्हा काहीच नाही.
३) निळ्या चौकोनात पिवळा भोंगा. याचं उत्तर मी 'हॉर्न वाजवा' असं दिलं. सौ.ने बरोबर धरलं. लेक व्हिडिओ कॉलवर हसत सुटली आणि चूक म्हणाली, पण बरोबर काय ते तिलाही सांगता येईना.

पीडीएफ माझ्याकडे आहे, त्यामुळे लिंका नकोत. प्रत्यक्ष गाडी चालवताना कुणाची कुठे फजिती झाली ते सांगा.

अवली_कोपरीचा | १२ ऑगस्ट, रात्री १०:५८

काका, रिकाम्या पाट्या आपल्याकडेही असतात की. पाटी उभी करायचं टेंडर निघालेलं असतं, रंगवायचं निघायचं असतं.

साधासरळ | १२ ऑगस्ट, रात्री ११:०५

स्वित्झर्लंडमध्ये घड्याळ लावून घ्यावं अशी ट्रेन असताना गाडी कशाला?

घोडबंदरी | १२ ऑगस्ट, रात्री ११:११

@साधासरळ, सौ.चा गुडघा आणि तीन बॅगा.

@अवली, तू ये एकदा जेवायला, तुझी पण परीक्षा घेतो.

सीवूड्सची_सई | १३ ऑगस्ट, सकाळी ७:२०

काका, मी सहा वर्षं उल्मजवळ होते, श्टुटगार्टपासून तासाभरावर. पहिल्या दोन पाट्यांचं मी सांगते. भोंगा स्विस आहे, तो दुसऱ्या कुणालातरी सांगू दे.

पिवळा शंकरपाळा ही तुमची सर्वात लाडकी पाटी होणार आहे. ती दिसली म्हणजे तुम्ही मुख्य रस्त्यावर आहात, पुढच्या चौकांमध्ये बाजूने येणारे तुमच्यासाठी थांबणार. थोड्या अंतराने ती पुन्हा पुन्हा दिसत राहते. मग कधीतरी तोच शंकरपाळा दिसतो, पण त्यावर काळ्या तिरप्या रेघा मारलेल्या असतात. तिथे तुमचं राज्य संपलं.

आणि राज्य संपल्यानंतर काय, याची पाटी नसते! ज्या चौकात सिग्नल नाही, पाटी नाही, काही नाही, तिथे उजवीकडून येणारा आधी जातो. रस्ता केवढा, गाडी केवढी, याचा काही संबंध नाही. मी नवीन असताना गावातून चालले होते, उजव्या हाताला एक बोळ. आपल्याकडे त्याला गल्लीसुद्धा म्हणणार नाहीत, दोन घरांच्या मधली जागा म्हणतील. त्यातून एक आजीबाई छोटी गाडी घेऊन बाहेर आल्या. थांबल्या नाहीत, माझ्याकडे बघितलंही नाही. मी करकचून ब्रेक दाबला, मागच्या सीटवरची कांद्याची पिशवी पुढे येऊन फुटली, आणि मी रागाने हॉर्न वाजवला. संध्याकाळी शेजारणीला तावातावाने सांगितलं तर ती शांतपणे म्हणाली, बरोबर त्याच होत्या. म्हणजे चूक माझी आणि बोंबही माझीच.

रिकामा पांढरा गोल, लाल किनार: कुठलंही वाहन आत नेऊ नका. पण त्याच्या खाली छोटी पट्टी असेल तर ती वाचल्याशिवाय निर्णय करायचा नाही. तिथे बऱ्याचदा 'फ्राय' असा शब्द असतो. आमच्या ओळखीच्या एकाने ते 'फ्री' वाचलं आणि फुकट पार्किंग समजून मोठ्या खुशीत गाडी आत घातली. 'फ्राय' म्हणजे 'यांना मुभा'. वर सायकलचं चित्र असेल तर सायकलला मुभा. 'अनलीगर फ्राय' असेल तर त्या रस्त्यावर राहणाऱ्यांना किंवा तिथे काम असणाऱ्यांना मुभा.

आणखी एक, जे तुमच्या पत्रिकांवर बहुतेक नसणार. जर्मनीत गावाच्या वेशीवर पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरात गावाचं नाव असतं. आपल्याला वाटतं, 'महानगरपालिका आपले सहर्ष स्वागत करीत आहे' त्यातलाच प्रकार. तसं नाही. ती वेगमर्यादेची पाटी आहे! तिच्यापासून ताशी ५० सुरू, आकडा कुठेही लिहिलेला नसतो. गावातून बाहेर पडताना नावावर लाल तिरपी रेघ दिसली की ५० संपले. फ्रान्समध्येही नावाच्या पाटीचा हाच अर्थ, फक्त तिथे पाटी पांढरी आणि किनार लाल.

पाचपाखाडीकर | १३ ऑगस्ट, सकाळी ९:४५

सईताईंनी उत्तम लिहिले आहे. भोंग्याचे मी सांगतो, कारण २०११ साली तो मलाही असाच चकवून गेला होता.

आपल्याकडे घाटात निळ्या गोलात हॉर्नचे चित्र असते, त्याचा अर्थ 'हॉर्न वाजवणे आवश्यक'. त्यामुळे घोडबंदरींचा गोंधळ अगदी स्वाभाविक आहे. परंतु स्विस पाटीवरचा तो भोंगा मोटारीचा नव्हेच, तो टपालवाल्याचा. पूर्वी घोडागाडीतून डाक जायची तेव्हा टपालवाला भोंगा फुंकून वर्दी द्यायचा. आपल्या हरकाऱ्याच्या काठीला घुंगरू असायचे ना, तसेच. पुढे घोडागाडीची बस झाली. त्या पिवळ्या पोस्टबसेस आजही स्विस घाटांतून धावतात. निळ्या चौकोनातला पिवळा भोंगा म्हणजे 'हा डोंगरातला टपाल रस्ता आहे'. अशा रस्त्यावर बसला वाट द्यायची, आणि अरुंद जागी समोरासमोर आलात तर बसचा ड्रायव्हर खुणेने सांगेल तसे करायचे. मागे घे म्हणाला तर मागे घ्यायची.

जरा मागची हकीकत. १९६८ साली व्हिएन्नात रस्त्यावरच्या पाट्या आणि सिग्नलांबाबत आंतरराष्ट्रीय करार झाला. युरोपातल्या बहुतेक देशांच्या पाट्या एकसारख्या दिसतात त्या यामुळे. भारतही त्यात आहे. म्हणून लाल किनारीचा त्रिकोण म्हणजे सावधान, लाल किनारीचा गोल म्हणजे मनाई, निळा गोल म्हणजे सक्ती, हे व्याकरण आपल्याला घरचेच आहे. अमेरिका त्यात नाही. तिथे सावधानतेची पाटी पिवळा शंकरपाळाच असते, आत काळे चित्र. म्हणजे तोच आकार, तोच रंग, जर्मनीत 'निर्धास्त जा' आणि अमेरिकेत 'जपून जा'.

आणि 'उजवीकडचा आधी' हा नियम सईताईंना नवा वाटला तरी आपल्या नियमांतही आहे बरे का. चौकात पोचल्यावर उजव्या हाताने येणाऱ्याला आधी जाऊ द्यावे, असे १९८९ पासून छापील स्वरूपात आहे.

अवली_कोपरीचा | १३ ऑगस्ट, सकाळी ९:५२

छापील 😄

निनाद_नेरुळ | १३ ऑगस्ट, दुपारी १:३०

आमच्या सेक्टरमध्ये चार रस्ते एकत्र येतात तिथे 'ज्याची गाडी जुनी तो आधी' हा नियम आहे. त्याला पत्रा चेपायची भीती नसते.

असो. काका, इटलीत जाणार आहात म्हणून हे नीट वाचा. माझे या एका पाटीपायी जवळजवळ वीस हजार गेलेत.

इटलीच्या जुन्या शहरांच्या मधल्या भागात बाहेरच्या गाड्यांना बंदी असते. पाटी तीच तुमची दोन नंबरची, पांढरा रिकामा गोल आणि लाल किनार. खाली 'झोना आ त्राफिको लिमितातो', थोडक्यात झेडटीएल, आणि वेळा. तिथे ना फाटक, ना पोलीस, ना साखळी. एक जुनी दगडी कमान असते आणि वर कॅमेरा. तो नंबरप्लेटचा फोटो काढतो, की झालं.

टस्कनीत एका गावात संध्याकाळी सातला पोचलो. मागे मुलगी भूक भूक करतेय, बायको नकाशात बघतेय. कमानीवर लाल अक्षरांत उजळलेली पाटी: 'वार्को आत्तिवो'. बायकोने फोनचा कॅमेरा धरला, भाषांतर आलं 'दार चालू'. म्हटलं वा, चालू आहे तर चला आत. आता कळतंय, चालू होती ती बंदी! 'नॉन आत्तिवो' असेल तेव्हा जायचं. आत पार्किंग मिळेना, म्हणून बाहेरून वळसा घालून पुन्हा त्याच कमानीतून आत शिरलो. अकरा मिनिटांच्या अंतराने दोन फोटो, दोन दंड.

आधी गाडी भाड्याने देणाऱ्यांनी क्रेडिट कार्डावरून परस्पर चाळीसेक युरो कापले. तो दंड नव्हे, आमचं नाव-पत्ता पोलिसांना कळवल्याची त्यांची फी! मी त्यांच्याशी ईमेलवर भांडत बसलो. आठ महिन्यांनी, आम्ही ते सगळं विसरून गेल्यावर, नेरुळच्या घरी रजिस्टर पाकीट. आईने सही करून घेतलं आणि मला ऑफिसात फोन, 'अरे, इटलीच्या सरकारचं पत्र आलंय, तू काय केलंस तिकडे?'

घोडबंदरी | १३ ऑगस्ट, दुपारी २:१५

बाप रे. आमचं एका रात्रीचं हॉटेल नेमकं जुन्या गावात आहे. मग आत जायचंच कसं?

निनाद_नेरुळ | १३ ऑगस्ट, दुपारी २:२८

आजच हॉटेलला मेल टाकून विचारा की तुम्ही झेडटीएलच्या आत आहात का. आत असतील तर तुमचा गाडीचा नंबर ते यादीत घालू शकतात. नंबर गाडी हातात आल्यावरच कळणार, म्हणून त्याच दिवशी कळवा. आणि कळवलं म्हणजे झालं असं समजू नका, 'नोंद केली' असं उत्तर लेखी घ्या. सर्वात सोपं म्हणजे गाडी वेशीबाहेर लावून चालत जा.

पार्किंगचे पट्टे: पांढरे साधारण फुकट, निळे पैसे भरून, पिवळे राखीव. पिवळ्यात लावू नका. आणि मोठ्या रस्त्यांच्या पाट्या बघताना, हिरवी पाटी म्हणजे टोलचा ऑटोस्त्रादा, निळी म्हणजे बिनटोलचा रस्ता. जर्मनीतून जाताय म्हणून मुद्दाम सांगतो, तिकडे नेमकं उलट वाटेल, कारण त्यांचा ऑटोबान निळ्या पाटीचा असतो. स्वित्झर्लंडमध्ये परत हिरवा.

टिपिकल_ठाणेकर | १३ ऑगस्ट, रात्री ९:००

एवढा बाऊ कशाला करताय सगळे? मॅप लावायचा, तो सांगेल तसं जायचं. वेगमर्यादा पण दाखवतो. पाट्या बघतंय कोण हल्ली.

सीवूड्सची_सई | १३ ऑगस्ट, रात्री ९:३४

दाखवतो ना. पण रस्त्याचं काम चालू असेल तिथली मर्यादा त्याला कधी कळते, कधी नाही. जर्मनीत तर आकड्याखाली 'बाय नेसे' अशी पट्टी असते, म्हणजे रस्ता ओला असेल तरच ही मर्यादा. पाऊस पडलाय की नाही हे मॅप ठरवत नाही, आपण काचेतून बघायचं.

मला विचाराल तर अनोळखी पाटीची एवढी भीती नाही. काही कळलं नाही की आपला पाय आपोआप ब्रेकवर जातो. दगा देते ती ओळखीची वाटणारी पाटी. बघा ना, काकांचा भोंगा, निनादचं 'चालू', ते 'फ्राय'. तिघांनाही अर्थ लागला होता, म्हणूनच तर फसले. त्यामुळे वहिनींनी पत्रिकांचे दोन गठ्ठे करावेत. न येणाऱ्या पाट्यांचा एक, आणि 'येतंय असं वाटतंय' यांचा दुसरा. दुसरा रोज विचारावा.

कोलशेतची_कल्याणी | १४ ऑगस्ट, सकाळी ११:१०

सईला अनुमोदन. आमचं सगळं उजव्या स्टिअरिंगच्या देशात झालंय, त्यामुळे मी यूकेपुरतं लिहिते. डावीकडून चालायचं, त्यामुळे आपण गाडीत बसल्या बसल्या निर्धास्त होतो, तोच घात.

पहिली गोष्ट, आकडे मैलांत. ३० ची पाटी म्हणजे ताशी अठ्ठेचाळीस किलोमीटर. आयर्लंडमध्ये २००५ पासून किलोमीटर, पण उत्तर आयर्लंडमध्ये मैल. हद्दीवर चौकी वगैरे काही नाही, गप्पा मारता मारता ओलांडली जाते.

दुसरी, पांढऱ्या गोलावर एकच काळा तिरपा पट्टा. आपल्याला वाटतं 'मर्यादा संपली, हाणा'. जर्मनीत ऑटोबानवर तिरप्या रेघांचा पांढरा गोल दिसला की खरंच संपते (तिथेही १३० च्या वर जाऊ नका असा सल्ला आहेच). यूकेत तिचा अर्थ 'देशाची सर्वसाधारण मर्यादा लागू'. साध्या दुपदरी रस्त्यावर कारला ६० मैल, मध्ये दुभाजक असेल किंवा मोटरवे असेल तर ७०. आणि ६० ची परवानगी आहे म्हणून ६० ने जाता येतं असं नाही! स्कॉटलंडमध्ये ती पाटी अशा रस्त्यावर बघितली जिथे दोन्ही बाजूंची झुडपं आरशाला लागत होती.

त्या एकपदरी रस्त्यांवर थोड्या थोड्या अंतरावर जरा रुंद जागा असते, 'पासिंग प्लेस'. समोरून गाडी आली आणि जागा तुमच्या डावीकडे असेल तर तुम्ही आत घ्या. उजवीकडे असेल तर आत शिरायचं नाही, तिच्यासमोर आपल्याच बाजूला थांबायचं, समोरचा आत घेतो. मागच्याला पुढे जायचं असेल तरी तिथेच वाट द्यायची. फोटो काढायला तिथे गाडी लावायची नाही. आम्ही लावली. मेंढपाळ आजोबांनी ट्रॅक्टरवरून उतरून आम्हाला जे सुनावलं त्यातला एक शब्द कळला नाही, पण अर्थ पूर्ण पोचला.

सासूबाई सोबत होत्या. रस्त्याचं काम चालू होतं तिथे लाल पाटी: 'कॅट्स आईज रिमूव्ह्ड'. त्यांनी मोठ्याने वाचलं आणि 'शिव शिव, मांजरांनी काय केलं होतं यांचं' म्हणून पुढचे दहा मैल गप्प. रस्त्याच्या मधोमध रात्री चमकणारे ठोकळे असतात ना, त्यांना तिकडे मांजराचे डोळे म्हणतात. तेवढ्या तुकड्यातले काढले होते.

जाता जाता, शाळेच्या पाटीवर मुलगी पुढे आणि मुलाचा हात धरून त्याला नेतेय असं चित्र आहे. साठच्या दशकात मार्गारेट काल्व्हर्ट यांनी काढलेलं. ती मुलगी त्यांनी स्वतःच्या लहानपणच्या रूपावरून काढली. मला ती पाटी दिसली की उगाच बरं वाटायचं.

डोंबिवलीकर_सध्या_ऐरोली | १४ ऑगस्ट, रात्री १०:२०

धागा युरोपचा आहे तरी अमेरिकेचं थोडं टाकतो. तीन वर्षं न्यू जर्सीत होतो.

'पेड' असं लिहून पुढे 'एक्स' लावून 'इंग'. मला वाटलं पैसे भरून जायचा रस्ता, म्हणून मी महिनाभर लांबून जायचो. ते पेडेस्ट्रियन क्रॉसिंग निघालं. एक्स म्हणजे क्रॉस. कप्पाळ.

चौकात चारही बाजूंना 'स्टॉप' असतं, खाली 'फोर वे' किंवा 'ऑल वे'. जो आधी येऊन थांबला तो आधी जाणार. एकदमच पोचले तर उजवीकडचा आधी. सिग्नल नाही, हवालदार नाही, आणि रात्री बाराला चौक ओसाड असला तरी गाडी पूर्ण थांबते, मग निघते. चाक पूर्ण थांबलं पाहिजे, हळू केली ते चालत नाही. मी पहिल्या आठवड्यात चौघांना 'तुम्ही जा, तुम्ही जा' करत बसलो, मागे रांग लागली.

लाल सिग्नलला पूर्ण थांबून, बघून, उजवीकडे वळता येतं, 'नो टर्न ऑन रेड' असं लिहिलं नसेल तर.

टिपिकल_ठाणेकर | १४ ऑगस्ट, रात्री १०:३१

म्हणजे आपला फ्री लेफ्ट. सगळीकडे सारखंच. उगाच कठीण करून सांगतात लोक.

डोंबिवलीकर_सध्या_ऐरोली | १४ ऑगस्ट, रात्री १०:४४

सारखं नाही हो. न्यूयॉर्क शहरात उलटं आहे. वळायला मुभा आहे अशी पाटी असेल तरच लाल सिग्नलला वळता येतं. नदीच्या अलीकडे न्यू जर्सीत चालतं, पलीकडे नाही. मी रोज बोगद्यातून जायचो, डोक्यात बटण बदलायला लागायचं.

सीवूड्सची_सई | १४ ऑगस्ट, रात्री ११:०२

काका, जर्मनीत लाल म्हणजे लाल, उजवीकडेही वळायचं नाही. अपवाद एकच, सिग्नलच्या शेजारी काळ्या पत्र्यावर रंगवलेला छोटा हिरवा बाण असेल तर पूर्ण थांबून मग वळता येतं.

पाचपाखाडीकर | १५ ऑगस्ट, सकाळी ८:१५

आणि 'फ्री लेफ्ट' आपल्याकडेही सरसकट नाही. जिथे तशी पाटी किंवा बाण असेल तिथेच आहे. बाकी ठिकाणी मागचे हॉर्न वाजवतात म्हणून तो फ्री होतो.

स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा.

घोडबंदरी | २ सप्टेंबर, रात्री ११:१५

मंडळी, काल चाळीसपैकी अडतीस. सौ.ने सईच्या सांगण्यावरून दोन गठ्ठे केलेत, दुसऱ्या गठ्ठ्याला ती 'शहाणपणाचा गठ्ठा' म्हणते. निघतोय. आल्यावर लिहितो.

घोडबंदरी | ४ ऑक्टोबर, रात्री ९:५०

धागा वर काढतोय. परवा पहाटे आलो, गाडीला खरचटलंसुद्धा नाही. चार गोष्टी सांगतो.

शंकरपाळा. पहिल्याच दिवशी एका गावात मी शंकरपाळ्याच्या रस्त्यावर होतो, उजवीकडच्या गल्लीत एक गाडी येऊन उभी राहिली. माझ्या डोक्यात सईच्या आजीबाई. मी थांबलो. तो हलेना. मी हाताने 'या या' केलं. त्याने दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलून, खांबावरच्या पाटीकडे बोट दाखवलं. सौ. शांतपणे म्हणाली, 'अहो, पिवळा. आपलं राज्य आहे.' नियम दोन्ही पाठ होते, लावायचा कुठला ते सुचलं नाही.

कागदी घड्याळ. गाडीच्या ड्रॉवरमध्ये निळं पुठ्ठ्याचं घड्याळ होतं, काटा हाताने फिरवायचं. मला वाटलं जाहिरातीचं खेळणं, आधीच्या गिऱ्हाईकाच्या पोराचं राहिलेलं. एका गावात निळी 'पी' ची पाटी, खाली त्याच घड्याळाचं चित्र. तरी टाळक्यात शिरेना. गाडी लावून निघालो तर एका म्हाताऱ्या गृहस्थांनी काचेवर टकटक केलं, मला दार उघडायला लावलं, स्वतः ते घड्याळ काढलं, काटा साडेदहावर नेला आणि काचेमागे ठेवलं. खऱ्या घड्याळात तेव्हा दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. मला वाटलं आजोबा चुकले. लेकीने फोनवर सांगितलं, पोचलेल्या वेळेनंतरचा जो पुढचा अर्धा तास, त्यावर काटा लावायचा. फुकट पार्किंग, पण घड्याळ लावलं नसतं तर दंड. हे तुम्ही कुणी सांगितलं नव्हतं, हां!

भोंगा. हे सविस्तरच सांगतो. स्वित्झर्लंडमध्ये एका अरुंद घाटात शिरताना ती निळी पाटी दिसली आणि आम्ही दोघं एकदम ओरडलो, 'टपाल!' पंधरा मिनिटांनी वळणाआडून तीन सुरांचा भोंगा वाजला. सनईवाला सूर लावून बघतो ना, तसा. मग पिवळी बस. आमच्या डोंगरकड्याच्या बाजूला बोनेटपासून हातभर भिंत, दुसरीकडे दरी आणि गुडघ्याएवढे दगड. ड्रायव्हर बाई होत्या. त्यांनी काचेतून दोन बोटं मागे हलवली. मी गाडी रिव्हर्सला टाकली. डाव्या स्टिअरिंगची गाडी, उताराचा रस्ता, मागे वळण. सौ. खिडकीतून डोकं बाहेर काढून 'येऊ दे, येऊ दे' करत होती, अगदी आमच्या सोसायटीच्या वॉचमनसारखी. पन्नासेक पावलं मागे गेल्यावर जरा रुंद जागा आली. बाईंनी तळहात दाखवला, मी थांबलो. बस इतक्या जवळून गेली की आतल्या एका मुलाच्या आइस्क्रीमचा रंग सांगू शकतो. पिस्ता. बाईंनी मान लवून आभार मानले. मला गायमुखचा घाट आठवला, तिथे रिव्हर्स घ्या म्हटलं असतं तर आधी दोघांनी खाली उतरून एकमेकांची चौकशी केली असती.

झेडटीएल. निनाद, तुझे उपकार आहेत. कोमोच्या बाजूला हॉटेलच्या अलीकडे अगदी तशीच कमान, तोच गोल. मॅप म्हणत होता, सरळ जा, दोनशे मीटर. मी कमानीच्या तोंडाशी चारही इंडिकेटर लावून थांबलो, मागून दोन स्कूटरवाले शिव्या देत गेले, पण मी हललो नाही. सौ. उतरून चालत हॉटेलात गेली आणि मालकालाच घेऊन आली. तो आमच्या गाडीत बसला, हसत होता. म्हणाला, तुमचा नंबर सकाळीच घातलाय यादीत. मी म्हटलं, लिहून दे. त्याने दिलं.

सीवूड्सची_सई | ४ ऑक्टोबर, रात्री १०:०८

कागदी घड्याळ राहिलं खरं, सॉरी काका! इतकं अंगवळणी पडलं होतं की सांगायचं सुचलंच नाही. 'येऊ दे येऊ दे' वाचून घरातले जागे झाले माझ्या हसण्याने. वहिनींना नमस्कार सांगा.

कोलशेतची_कल्याणी | ५ ऑक्टोबर, सकाळी १०:३०

त्या पत्रिकांचा गठ्ठा उसना मिळेल का? जानेवारीत न्यूझीलंडला चाललोय. तिकडे एकपदरी पुलांवर दोन बाणांच्या पाट्या असतात. लाल किनारीच्या गोलातला छोटा लाल बाण आपला असेल तर थांबायचं, निळ्या चौकोनातला मोठा पांढरा बाण आपला असेल तर आपण आधी. एवढं पाठ झालंय, पण घरच्यांचा अजून भरवसा नाही.

घोडबंदरी | ५ ऑक्टोबर, दुपारी १२:४०

जरूर. सौ. म्हणते, पत्रिकेच्या पुढच्या बाजूला कुणाचं लग्न आहे ते बघू नका, त्यातली दोन मोडलीत.

निनाद_नेरुळ | ५ ऑक्टोबर, दुपारी १:०५

काका, पाकीट आलं का?

घोडबंदरी | ५ ऑक्टोबर, दुपारी १:१२

कसलं पाकीट? परवा तर आलो. मालकाने लिहून दिलंय की.

निनाद_नेरुळ | ५ ऑक्टोबर, दुपारी १:२०

परदेशात राहणाऱ्याला दंडाची नोटीस धाडायला त्यांना ३६० दिवसांची मुदत असते.

घोडबंदरी | ५ ऑक्टोबर, दुपारी १:४१

सौ.ने ऐकलं. कॅलेंडर काढलंय. तो कागद कुठल्या बॅगेत ठेवला यावरून आता आमच्यात चर्चा चालू आहे.

अवली_कोपरीचा | ५ ऑक्टोबर, दुपारी १:४५

काका, पोस्टमन दारात दिसला की रिव्हर्स घ्या. पिवळा भोंगा.